पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत

सिंगापुरात मी जो घोळ घातला ना, तो आईला अजून सांगितलेला नाही. तुम्हाला सांगते, पण एका अटीवर. हसायचं नाही. निदान तोंडात चहा असताना तरी नाही!

झालं असं, की मी शिकायला आले आणि पासिर रिसला एका चिनी आँटीच्या फ्लॅटमध्ये खोली घेतली. खोली छान, वारा छान, आँटी एकटी आणि प्रेमळ. गोची एकच. स्वयंपाकघरात पाणी उकळण्यापलीकडे परवानगी नाही! आधीच्या भाडेकरूनं म्हणे मसाल्याच्या वासानं पडदे बाद केले होते. "आधी बघते तू कशी आहेस, मग गॅसचं ठरवू लाह," आँटी म्हणाली. तिचं इंग्रजी मी मराठीत सांगतेय, वाक्याच्या शेपटाला लागणारा तिथला 'लाह' मात्र अस्सल तिचा.

आता सांगा, बार्शीची मुलगी किती दिवस नूडल्स खाणार? खालच्या हॉकर सेंटरमधलं सगळं खाऊन झालं. चव उत्तमच हो, पण मला वरणभात हवा होता, वर लसणाची चुरचुरीत फोडणी. त्यासाठी आँटीला खूश करणं भाग होतं. मी तिच्या कुंड्यांना पाणी घालायचे, पिशव्या उचलायचे आणि ती म्हणेल त्याला हो म्हणायचे.

एक दिवस ती म्हणाली, "संध्याकाळी खाली मैदानात गाण्यांचा कार्यक्रम आहे. येतेस?"

येतेस काय! मी तिच्या आधीच पोचले.

काय तो थाट! झगमगतं स्टेज, चमचमत्या झग्यातली गायिका, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मागे गच्च गर्दी, काही माणसं तर उभीच. आणि पहिली अख्खी रांग रिकामी!

मला यात नवल ते काय वाटणार? आपल्याकडे कुठल्याही व्याख्यानाला हेच. पुढे बसायला सगळे लाजतात आणि बिचारा सूत्रसंचालक माइकवरून विनवतो, "मागच्यांनी पुढे यावं, खुर्च्या रिकाम्या आहेत!" माझे बाबा तर स्वतः उठून लोकांना पुढे आणून बसवतात. कलाकारासमोर रिकामी रांग म्हणजे त्याचा अपमान, हे लहानपणापासून मनावर ठसलेलं.

मी सरळ जाऊन पहिल्या रांगेत मधोमध बसले.

मला बघून गायिका एक ओळ विसरली. मला वाटलं, श्रोता मिळाल्याचा आनंद! मी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्चीवर आँटीसाठी ओढणी टाकली. मग मागे वळून उभ्या आजीबाईंना हातवारे सुरू केले, "या, पुढे या! जागा आहे!" आजीबाई चक्क मागे सरकल्या. काय बाई हा संकोच!

एक आजोबा वाकून जवळ आले. "मुली, ही जागा पाहुण्यांची आहे."

"हो हो, ते आले की उठते."

"ते आलेत."

मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "कुठं?"

आजोबांनी शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "त्यातल्या एकावर तू ओढणी टाकली आहेस."

मला काही कळेना. तेवढ्यात आँटी आली आणि मला बघून जागीच थबकली. मी उत्साहानं हाक मारली, "आँटी, तुमची जागा धरून ठेवलीय!"

तिनं मनगट धरून मला ओढतच मागे नेलं. मग समजलं. या महिन्यात म्हणे गेलेली माणसं परत भेटायला येतात. गाणी त्यांच्यासाठी, पहिली रांगही त्यांचीच. जिवंत माणसांनी मागे बसायचं.

म्हणजे आपला पितृपंधरवडाच की! आपण पितरांना पान वाढतो, हे गाणी ऐकवतात. फक्त मी पानावरच जाऊन बसले होते!

मला खरंच वाईट वाटलं. कुणाच्या तरी गेलेल्या आईवडिलांची जागा होती ती. मी लांबूनच हात जोडून माफी मागितली. गॅस तर गेलाच, आता खोलीही जाते!

घरी पोचल्यावर आँटी दार अडवून उभी राहिली. "त्यांच्यातलं कुणी रागावून तुझ्या मागे आलं असलं तर?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आँटी, आमच्याकडे यावर उपाय आहे! मोहरी आणि लाल मिरच्या जाळायच्या. काहीही मागे लागलेलं असो, पळून जातं."

आँटीनं ताबडतोब स्वयंपाकघराचा दिवा लावला. "मग जाळ लाह! रोज जाळ!"

"त्याला तेल लागतं," मी हळूच म्हटलं. "आणि थोडा लसूण."

"लसूण फ्रिजमध्ये आहे!"

मोहरी-मिरची माझ्या बॅगेत आईनं दिलेली होतीच. मी कढई चढवली. आता एक बारीकशी अडचण होती. आजवर फोडणी मी नुसती खाल्ली होती, घातली कधीच नव्हती!

तेल धुरावलं, मोहरी चौफेर उडाली, मिरच्या कोळसा झाल्या. असा काही ठसका उठला की नाकाडोळ्यांतून धारा लागल्या आणि मी अनवाणीच धावत बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये!

आँटीनं नाकाला रुमाल लावला, शांतपणे गॅस बंद केला आणि दारातून माझ्याकडे बघून मान डोलावली.

"चांगला उपाय आहे लाह. एक तर पळालं!"