ओठाकडची भिंत

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — आणि मी तर दुसऱ्यांची तोंडं उघडायचं काम करते.

परभणीत माझा दातांचा दवाखाना आहे. दात कसा काढावा यावर मी फार तावातावाने बोलते. ओढायचा नाही — पातळ पात्याने हळूहळू सैल करायचा. समोरच्या दाताला ओठाच्या बाजूने हाडाची भिंत असते, अंड्याच्या कवचाएवढी पातळ. ती शाबूत ठेवून खड्ड्यात हाडाची भुकटी भरायची, वर पडदा लावून टाके घालायचे. मग जबडा फारसा खचत नाही, पुढे स्क्रूवर पक्का दात बसवता येतो. यावरून मी बाकीच्या डॉक्टरांना किती नावं ठेवली आहेत!

सुमनबाई पेडगावच्या. हापशाचा दांडा लागून समोरचा दात मुळाशी तुटलेला. "काढघालीचा दात नको म्याडम," त्या हसत म्हणाल्या, "खुरपताना पडला तर कुठं हुडकू?"

बाहेर गर्दी होती. पण गर्दी रोजच असते, नाही का? मला कंटाळा आला होता — एवढंच. पातं बाजूला ठेवलं, चिमटा लावला आणि पिळला. दात आला. मुळाला चिकटून ती भिंतही आली.

तेव्हाच सांगता आलं असतं. मोठी शस्त्रक्रिया करून भिंत पुन्हा उभी करता येते. पण मग ती का करायची, हेही सांगावं लागलं असतं. मी तो तुकडा कापसात गुंडाळून टाकून दिला. टाका घातला. आणि म्हणाले — काय म्हणाले? "मिश्री लावता ना? मिश्रीनं हाड खाल्लंय. पक्का दात बसणार नाही."

इकडे घरोघरी बायका मिश्री लावतात. कोण उलट विचारणार? त्या विश्वास ठेवतील हे ठाऊक होतं, म्हणूनच ते सुचलं.

मिश्री वाईटच — असं मी स्वतःला किती वेळा बजावलं! पण ते हाड धडधाकट होतं. ते मी मोडलं.

गेल्या आठवड्यात त्या सुनेला घेऊन आल्या. ओठ आत गेलेला. बोलताना पदर तोंडावर. ते हसणं कुठेच नव्हतं. "म्याडम, हिला सांगा, मिसरी सोड म्हणावं. माजं हाड मीच घालवलं. तुमी तर लय जीव लावून केलं होतं."

मला स्वतःची किळस आली. सून माझ्याकडे बघत होती.

"बरोबर सांगतात त्या," मी म्हणाले, आणि हातमोजे चढवले.