उजव्या अंगाचा बैल

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. कुणी विचारलं, तुम्ही तरुणपणी हैदराबादला होता म्हणे, तर मी तिथल्या नवाबांच्या देवड्या, टांगे, चारमिनाराजवळच्या बांगड्यांची दुकानं असं काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचो. गेलो कसा, हे सांगायचं टाळायचो. आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण हात अजून चालतो. तो चालतो आहे तोवर लिहून ठेवलेलं बरं.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव चौसाळ्यापासून चार कोसांवर. माझे आईवडील पाठोपाठ गेले आणि माझ्या वाट्याला कोरडवाहू रान, दोन खणांचं घर आणि एक पांढरा बैल एवढं राहिलं. बांधाला बांध लागून दादांचं रान होतं. दादा माझे सख्खे कुणी नव्हेत. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे, म्हणून दादा, आणि त्यांची बायको वैनी. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्याकडेही एकच बैल, तांबडा.

एका बैलानं शेती होत नाही. म्हणून आमच्याकडे ज्यांचा एकएक बैल असतो ते दोघं मिळून जोडी करतात, आधी एकाचं रान पेरतात, मग दुसऱ्याचं. याला सावड म्हणतात. सावड पाडव्याला ठरते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत मोडायची नसते. त्याला कागद नसतो, साक्षीदार नसतो. आम्ही दादांच्या ओसरीवर एका वाटीतला गूळ आणि कडुलिंबाचा कोवळा पाला खायचो, की झालं.

वडिलांच्या वेळेपासून पांढरा उजव्या अंगाला चालायचा आणि तांबडा डाव्या. बैलाला एकदा बाजूची सवय लागली की ती सुटत नाही. बाजू बदलून जुंपला तर तो अडतो, नांगराचं तास वाकडं करतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लिहितो आहे.

त्या वर्षीचा पाडवा झाला. वाटीतला गूळ-लिंब खाऊन महिनाही झाला नव्हता, आणि एकादशीला मी नारायणगडावर दर्शनाला गेलो. तिथं तालुक्याच्या शाळेतला एक सोबती भेटला. त्या शाळेत सगळं उर्दूतून शिकवायचे. आम्ही दोघं चार बुकं शिकलो होतो. तो आता हैदराबादेत होता. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर लाल तुर्की टोपी, पायात करकर वाजणारे जोडे.

"अबे, तू इथं कावून सडतोस?" तो म्हणाला. "उर्दू येती तुला. शेहरात उर्दूवाल्याला नोकरी दारात येती."

"वळखीचं कुणी न्हाई तिथं."

"मी मेलो काय?"

उतरताना मी माझ्या पायांकडे बघत होतो. भेगांत माती भरलेली. बाकी काही झालं नाही. कुणी मला छळत नव्हतं, पोटाला कमी नव्हतं. मला फक्त तसे वाजणारे जोडे हवे होते.

वैशाखातल्या एका बाजारी मी पांढऱ्याला घेऊन चौसाळ्याला गेलो. दादांना सांगितलं, खूर दाखवून आणतो. बाजारात पहिला जो व्यापारी पुढं आला त्याला बैल दिला. तो कुठला, बैल कुठं नेणार, काही विचारलं नाही. दावं त्याच्या हातात दिलं आणि वळलो. गावाकडे परतणारा एक तेली दिसला. त्याला म्हणालो, "दादांना सांग, मी शेहराला चाललो. माझं रान त्यांनीच पेरावं. वाटा नको मला."

केवढा उदारपणा! पुढं कितीतरी दिवस मी त्या उदारपणाच्या आधारानं झोपलो. माझं रान मी फुकट देऊन आलो होतो. ते पेरायचं कशानं, हे मी मनात येऊ दिलं नाही.

बीडवरून मिळेल त्या गाडीत बसत, नाहीतर पायी, जालना गाठलं आणि तिथून रेल्वेनं हैदराबाद. सोबत्यानं सांगितलेली देवडी, म्हणजे एका नवाबाचा वाडा, विचारत विचारत सापडली. तो फाटकाशी उकिडवा बसला होता. पाहुणे आत जायचे, आणि त्यांचे जोडे तो फडक्यानं पुसून ओळीनं मांडायचा. शेरवानी अंगात नव्हती. मला बघून त्याचं तोंड उतरलं.

"इथं थांबू नको बे," तो हळू म्हणाला. "मालकाला गाववाले चालत न्हाईत. धर्मशाळेत जा. मी येतो."

तो आला नाही. मीही परत गेलो नाही. आता वाटतं, त्यालाही माझ्याइतकीच लाज वाटली असेल.

धर्मशाळेत तीन दिवसांवर राहू देत नसत. मग एका खोलीत पाचवा माणूस म्हणून जागा घेतली, भिंतीकडेची, अंग टेकण्यापुरती. बाकीचे चौघं तेलुगू बोलायचे. ते वाईट नव्हते, पण त्यांना माझं कळत नव्हतं आणि मला त्यांचं. शहरात प्रत्येक गोष्टीला पैसा लागायचा. पाणी भिश्ती आणायचा, त्याचा पैसा. सरपणाचा पैसा. पहिल्या सकाळी बाहेर आलो तर एक बाई लिंबाच्या काड्यांच्या जुड्या विकत होती, दात घासायला. लिंबाची काडी विकत! आमच्या दारात लिंब होता. सकाळी हात वर केला की काडी मिळायची. मी काडी घेतली नाही, राखेनं दात घासले, आणि तोंडात काहीतरी कडू हवंय असं दिवसभर वाटत राहिलं.

नोकरीसाठी कचेऱ्यांच्या व्हरांड्यात उभा राहायचो. "हमको काम होना," असं म्हणालो की कारकून एकमेकांकडे बघून हसायचे. माझं उर्दू पुस्तकातलं होतं, उच्चार बैलगाडीतला. चपराशी विचारायचा, "किसकी सिफारिश लाए?" कुणाची आणणार? "कल आव," तो म्हणायचा. मी रोज जायचो, तो रोज तेच सांगायचा. पुढंपुढं त्या चपराश्याचा आवाज ऐकण्यासाठीच जायचो की काय, कोण जाणे. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता.

एक दिवस खानावळीत भाकरी मोडली आणि मनात आलं, हा घास पांढऱ्याचा आहे. इथं आल्यापासून मी जे जे खाल्लं ते त्याला विकून आलेल्या पैशांचं. आमच्या घरात कुणी बैलाला काठीचं टोक लावलं नव्हतं, आणि मी त्याला रोज थोडाथोडा खात होतो. ताटावरून उठलो. संध्याकाळी भूक लागली तेव्हा परत गेलो आणि जेवलो. तेही लिहिलं पाहिजे.

मृग लागला. शहरात त्याची कुणाला खबर नव्हती. मी मनाशी म्हणायचो, दादा हुशार आहेत, कुणाचा तरी बैल मिळवतील. पण वाफसा आला, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल झाली, की ती चार दिवस टिकते. त्या चार दिवसांत सगळा गाव पेरत असतो. आपला बैल सोडवून दुसऱ्याला कोण देणार? हेही मला माहीत होतं.

त्याच सुमारास एका रस्त्यावर दगडांच्या बैलगाड्या उभ्या होत्या. कुठंतरी मोठी इमारत चालली होती. मी थांबून बैल बघू लागलो आणि जिभेनं तसाच आवाज केला, जसा पांढऱ्याला करायचो. उजवीकडच्या बैलानं कान वळवला. त्या शहरात मला कुणीतरी ओ दिली होती. मी रस्त्यात उभ्याउभ्या रडलो.

गाडीवान पिकल्या दाढीचा म्हातारा होता. "क्या रे, बैल का भाव करता क्या?" त्यानं हटकलं. माझा चेहरा बघून खाली उतरला, माझा तळवा हातात घेऊन उलटसुलट केला. "बैलवाला है तू. फिर इधर काइकू आया?"

"नोकरी के वास्ते, चाचा."

"मिली?"

"नहीं."

"मेरे कने है. बैलां हाकने की." तो मोठ्यानं हसला. "उसके वास्ते इत्ता दूर आया, दीवाने!"

मी त्या चाचाची गाडी हाकू लागलो. आपला बैल विकून दुसऱ्याचा हाकायला मी हैदराबादला आलो होतो. गोठ्यातच झोपायचो. तिथं बरं वाटायचं. गावाला मात्र कोणत्या तोंडानं जायचं ते सुचत नव्हतं, म्हणून पुढचा पाडवाही तिथंच गेला आणि त्याच्या पुढचाही जवळ आला.

तेव्हा एकदा दगडाच्या खाणीवर चौसाळ्याकडचा एक माणूस मजुरीला आलेला भेटला. त्यानं मला ओळखलं नाही. मी गावाची खबर विचारली, मग दादांची.

"त्यो? येडाच हाय त्यो," तो तंबाखू मळत म्हणाला. "पेरणीच्या तोंडावर सावडीतल्या गड्याला म्हणला, इक तुझा बैल, जा शेहराला. आन् मग सोता जू खांद्यावर घेतलं. एकीकडं बैल, एकीकडं ह्यो. बैल वढायचा तिरपा. खांदा निखळला. उजवा हात वर होत न्हाई आता."

"त्यानंच जा म्हणलं?" मी विचारलं.

"सोता सांगतो की चावडीवर. मीच धाडला म्हणून."

दादांनी असं का सांगितलं, ते मला तिथंच समजलं. सावड मोडणाऱ्याशी गावात परत कुणी जोडी करत नाही. मी कधी ना कधी येईन, आणि आलो तर मला कुणीतरी सोबतीला घ्यावं, एवढ्यासाठी.

चाचाला सांगून मी गाव गाठलं. दादा ओसरीवर बसले होते आणि वैनी त्यांच्या डोक्याला पटका बांधत होत्या. बांधून होईपर्यंत मी अंगणात उभा.

"आलास व्हय?" दादा म्हणाले. "कुणाला दिला रे पांढरा?"

हात दाखवला नाही, रानाचा विषय काढला नाही. आधी बैलाचं विचारलं.

"वळखीचा होता," मी म्हणालो. "चांगल्या घरी दिला."

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि तांबड्याकडे बघू लागले. तांबडा दावणीला डाव्या अंगाला उभा होता, उजवीकडे एका बैलाची जागा सोडून.

मी निघालो तेव्हा वैनी दारापर्यंत आल्या. "भाऊजी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "इकल्यावर येकदा तरी मागं वळून बघितलं का त्येच्याकडं?" मी खाली बघत अंगणाबाहेर पडलो. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढं माझं सगळं ठीक झालं. चाचाकडच्या मजुरीतून शिल्लक राहिलं त्यात बैल घेतला, सावडीला माणूस मिळाला, लग्न झालं. दादांनी रान अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दुसऱ्याला लावलं आणि हात पोटाशी धरून बांधावर बसून राहू लागले. गावात एक बोलणं सुरू झालं. कुणी मूर्खासारखा व्यवहार केला की पोरं म्हणायची, "दादाची सावड केलीस की बे!" दादांच्या समोर म्हणायची, आणि दादा हसायचे. मी तिथं असायचो. मीही हसायचो. नंतर तर सावडीचे तंटे सोडवायला लोक मलाच बोलवू लागले. मी मधे बसून सांगायचो, पाडव्याचा शब्द मोडू नये. दादा कोपऱ्यात ऐकत असायचे. एकदाही त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं नाही.

त्यांचा शेवटचा पाडवा मला आठवतो. अंथरुणाला खिळले होते. सकाळी गूळ आणि लिंबाचा पाला वाटीत घेऊन मी गेलो. आज सांगायचंच असं ठरवून, शब्द पाठ करून गेलो होतो. वैनींनी त्यांना उठवून बसवलं. वाटी बघून त्यांनी डाव्या हातानं चिमूट उचलली, उरलेली वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "खा की बे. का परत शेहराला निघालास?"

वैनी हसल्या. मीही हसलो. हसण्यात ती वेळ निघून गेली. लिंब चावत बसलो, बाजरीचं बी कुठून आणायचं ते बोललो, आणि उठलो. जेठात ते गेले. वैनीही पुढं गेल्या. 'दादाची सावड' हा शब्द गावात अजून चालतो. परवा माझ्या नातवानंच कुणाला तरी म्हटला.

त्या दिवशी पाठ केलेलं अजून जसंच्या तसं आठवतं. ते असं होतं:

दादा, तुम्ही मला धाडलं नव्हतं. तुम्हाला न सांगता मी गेलो. पांढरा वळखीच्याला दिला न्हाई, कुणाला दिला ते मला ठावं न्हाई. सावड मी मोडली. तुमचा हात माझ्यापायी गेला. आज चावडीवर चला माझ्यासंगं, समद्यांच्या म्होरं मी हे सांगतो. मला माफ करा.