गरम पाव आधी कोणी खायचा

आमच्या गावात बैठक म्हटली की बापे सतरंजीवर आणि बायका चुलीपाशी, हे ठरलेलंच. तीन उन्हाळे मी बैठका घेतल्या. विषय बायकांचा, पत्रकाचा मथळा बायकांचा, आणि समोर बसलेले सगळे पुरुष. बायका शाळेच्या मागच्या पडवीत पोहे परतत असायच्या. मी पुढं उभी राहून घसा ताणून "ऊस तोडणाऱ्या बहिणींनो" म्हणायचे, आणि मागून एक बहीण विचारायची, "चहा किती जणांचा टाकू गं?"

चौथ्या उन्हाळ्यात हे बंद करायचं ठरवलं. कसं करायचं ते माहीत नव्हतं, पण करायचं एवढं नक्की होतं.

कारणही तसंच होतं. गावात ऊसतोड कामगारांची नोंद व्हायची होती, त्यावरून ओळखपत्रं मिळणार होती. ग्रामसेवकानं कोरी यादी माझ्या हातात दिली. प्रत्येक कामगारानं समोर येऊन नाव सांगायचं आणि सही नाहीतर अंगठा द्यायचा, अशी अट होती. आता आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांनी ऊस तोडायचा, तिनं मोळ्या बांधायच्या, तिनंच डोक्यावरून नेऊन गाडीत भरायच्या, आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव फक्त त्याचं. माणसं दोन, कोयता एक. हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या हंगामात आईचं डाव्या हाताचं बोट कोयत्यानं कापलं. टाके घालावे लागले. दवाखान्याचं कोण बघणार, असं मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, वहीत तुमचं नाव कुठाय?" तो खोटं बोलत नव्हता. नाव खरंच नव्हतं. खोटं बोलला असता तर मी भांडले असते. खऱ्याशी कसं भांडायचं?

तर मला त्या उन्हाळ्यात एकच गोष्ट हवी होती. आईनं स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाव त्या यादीत सांगायचं. टोळीतली ती सगळ्यात जुनी बाई. तिनं सांगितलं असतं तर बाकीच्यांची जीभ सुटली असती. आणि ती म्हणत होती, "त्यांचं हाय की नाव. एका कोयत्याला दोन नावं कावून?"

मला टमाटा-पाव सुचला तो यातून. बीडला कॉलेजच्या वसतिगृहात माझ्या खोलीतली मुलगी उन्हाळ्यात हा करायची, कारण खोलीत विजेची एक शेगडी होती आणि मेसचं जेवण खाण्यासारखं नव्हतं. शहरात पाहुण्यांना जेवणाआधी असलं काहीतरी ताटलीत घालून देतात म्हणे, आणि त्याला जड नावं असतात. आम्ही टमाटा-पावच म्हणायचो. मला त्यात वेगळंच दिसलं. पोह्यांना पातेलं लागतं, चहाला जाळ लागतो, म्हणून बाईला मागं जावं लागतं. याला एक तवा आणि एक परात पुरे. मागं जायचं कारणच राहत नाही.

मामाच्या विहिरीवर टमाट्याचे दोन वाफे होते. मी पिशवी भरून लालबुंद, दाबले तर बोट आत जाईल असे टमाटे आणले. आष्टीच्या स्टँडजवळच्या बेकरीतून पावाच्या लाद्या आणल्या. आईला आणि चुलतीला करून दाखवलं. टमाटा चिरायचा, बियांचं पाणी काढून टाकायचं, मीठ लावून चाळणीत ठेवायचा. मग कोथिंबीर, बारीक हिरवी मिरची आणि वरून घाण्याचं कच्चं करडईचं तेल. तेल बघून चुलतीचा जीव भांड्यात पडला. "मंग ठीक हाय," ती म्हणाली, "आपलंच हाय." पाव आडवा कापून कोरड्या तव्यावर असा भाजायचा की नखानं टकटक केलं तर आवाज यावा. भाजलेल्या अंगावर लसणाची पाकळी घासायची. वर टमाटा ठेवायचा. झालं.

"आन् ह्याच्यासंगं काय?" आईनं विचारलं.

"काही नाही."

"नुस्तंच?"

"नुस्तंच."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की वसतिगृहात आम्हाला उपाशी ठेवत होते याची तिला आता खात्री पटली.

बैठकीच्या दिवशी मी सकाळी सामान शाळेच्या पडवीत टाकलं आणि म्हटलं, "पाचला सगळं तयार पाहिजे." आणि पत्रकं वाटायला गेले. पुढं जे झालं त्याचं खापर मी त्या दिवशी दुसऱ्यांच्या डोक्यावर फोडलं. ते माझ्या या वाक्यावर फुटायला हवं होतं.

पाचला आले तर सगळं तयार होतं. फारच तयार होतं. सगळे पाव भाजून, लसूण घासून, टमाटा घालून, दोन दुरड्यांमध्ये थरावर थर रचलेले, आणि वर ओलं फडकं घट्ट गुंडाळलेलं. भाकरी ठेवतात तशी. बायका पडवीत रांगेनं बसल्या होत्या आणि पुरुष पुढं सतरंजीवर. कोणी काही खाल्लं नव्हतं, कारण मुकादम यायचा होता. त्याच्याशिवाय बैठक कशी, असं गावकऱ्यांचं म्हणणं पडलं होतं आणि मी ते मान्य केलं होतं. हेही माझंच.

मुकादम साडेसहाला आला. फडकं सोडलं. आत पाव नव्हते. लालसर लगदा होता, खालच्या थराला तर पाव कुठं संपतो आणि टमाटा कुठं सुरू होतो तेही कळत नव्हतं.

"हे काय रं?" सतरंजीवरचा एकजण म्हणाला. "जनावराची पेंड भिजवली का काय?"

"म्याडमनी बीडहून आणलंय," मुकादम म्हणाला. "शिकलेल्यांचं खाणं आसंच आसतंय. दात नसले तरी चालतंय."

सगळे हसले. पडवीतल्या बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. मग पुरुषांनी आपापली नावं सांगितली, सह्या केल्या. बायकांच्या नावाचं काय, असं विचारलं तर एकजण म्हणाला, "लिहा की, पत्नी." मी म्हटलं पत्नी हे नाव नसतं, आणि ती स्वतः येऊन सांगेल. पडवीतून कोणी आलं नाही. आई भांडी गोळा करत होती. यादीतल्या अर्ध्या ओळी कोऱ्या राहिल्या.

घरी येताना मी रस्त्यात तिला नको ते बोलले. "कुणी सांगितलं होतं झाकून ठेवायला? गरम गरम खायचं असतं ते! एक साधी गोष्ट जमली नाही तुम्हाला." अंगणात येऊन आईनं ती दोन फडकी धुवायला घेतली, आणि पिळता पिळता बोलली. मोठ्यानं नाही.

"कोपीवर फाटं तीनला उठायचं. समद्या दिवसाच्या भाकरी एकदाच थापायच्या. फडक्यात बांधायच्या आन् फडात जायचं. गाडी भरली की मंग खायचं, बारा वाजू दे न्हाईतर दोन. तिथं गरम काय आन् गार काय? भाकर टिकली पायजे, एवढंच बघायचं. वीस वर्सं आमी हेच केलं. तुजा पाव टिकत न्हाई, त्याला मी काय करू?"

लहानपणी मी हंगामी वसतिगृहात वाढले, आईबाप तोडीला गेले की मागं पोरांना ठेवतात तिथं. कोपीवर, म्हणजे फडाशेजारच्या त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, गेले ते सुट्टीत, आणि तेव्हा झोपलेली असायचे. माझ्या पिशवीत त्या वेळीसुद्धा पत्रकांचा गठ्ठा होता आणि त्यात एक ओळ होती, गरम जेवण हा कष्टकरी बाईचा हक्क आहे. माझीच ओळ. ती लिहिताना मला हे फडकं ठाऊक नव्हतं.

"तुला कसा लागला पाव?" मी विचारलं.

"मी कुठं खाल्ला?"

"खाल्लाच नाहीस?"

"पाव्हण्याच्या आधी खाऊ?"

"आणि नंतर?"

"नंतर शेरडांना घातला. त्यांनी खाल्ला बाई चांगला."

मला हसू आलं आणि लगेच अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी सकाळपासून केलं त्यांनी चाखलं नाही आणि शेरडांनी खाल्लं! मग मी तिथंच ठरवलं. पाव बदलायचा नाही. बैठक बदलायची.

आठ दिवसांनी पुन्हा लाद्या आणल्या. शाळा नको, आमचं अंगण. सतरंजी नको. पाहुणा नको. भाषण नको, आणि हे माझ्यासाठी सगळ्यात अवघड होतं. अंगणाच्या मधोमध तीन दगडांची चूल मांडली आणि बायकांना तिच्याभोवती बसवलं. नियम एकच सांगितला, की पाव तव्यावरून उतरला की टमाटा घालायचा आणि तो जिनं केला तिनं लगेच खायचा. मग पुढचीनं तव्यापाशी बसायचं. यादी पाटावर ठेवली, टमाट्याच्या परातीशेजारी.

"येड लागलंय का पोरीला," चुलती म्हणाली. "करणारीनंच खायचं तर वाढायचं कुणाला?"

"कुणालाच नाही."

"आन् वाढायचं न्हाई तर आमी आलो कशाला?" बाकीच्या खो-खो हसल्या.

आई तव्यापाशी पहिली बसली. खांद्यावर तेच फडकं होतं, सवयीनं आणलेलं. तिनं पाव टाकला, उलटला, नखानं वाजवून बघितला. लसूण घासला. आणि नेमका तेव्हाच मुकादम फाटकातून आत आला. त्याला बोलावलं नव्हतं. यादीत काय लिहिलं जातंय ते बघायला आला होता, आणि ते तो लपवतही नव्हता.

"वास लई भारी सुटलाय, वहिनी. आना इकडं."

त्यानं हात पुढं केला. आईनं टमाटा पावावर घातला. तिचा हात खांद्यावरच्या फडक्याकडं गेला, मी बघितलं. या माणसाबरोबर पुढच्या हंगामाला जायचं होतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मला बोलायचं होतं. माझ्याकडं तीन पत्रकं भरतील एवढं बोलायला होतं. मी दातावर दात दाबून बसले.

टमाट्याचं पाणी पावाच्या कडेनं सुटायला लागलं. आईनं ते पाहिलं. मग फडकं खांद्यावरून काढलं, खाली टाकलं आणि त्याच्यावर नीट बसली.

"भावजी," ती म्हणाली, "तुमाला थांबता येतंय. ह्याला येत न्हाई."

आणि तिनं चावा घेतला. कर्रकन आवाज झाला. चुलती म्हणाली, "अगं माय!"

"आँ?" मुकादम म्हणाला. हसत होता, पण हात अजून तसाच पुढं होता. "आता बाया आधी खाणार व्हय?"

"भूक लागली आसंल तर तवा मोकळा हाय," चुलतीनं जागा सरकवून दिली.

आईनं घास गिळला. तोंड पुसलं नाही. माझ्याकडं न बघता म्हणाली, "लिही."

"काय?"

"नाव लिही म्हणते. आठ दिस डोकं खातीयास, आन् आता काय म्हणून इचारतीस?"

"वहिनी," मुकादम मध्येच बोलला. आवाज गोडच होता. "कोयता एकच हाय बरं का. आदीपासून तसंच धरत्यात."

आईनं डावा हात वर केला. बोटावर टाक्यांची खूण होती, नख वाकडं आलेलं. "मंग बोट कुणाचं कापलं? कोयत्याचं?"

मुकादमानं पुढं केलेला हात मागं घेतला. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी त्या वेळी तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

आईनं नाव सांगितलं. आधी तिचं, मग माझ्या वडलांचं, मग आडनाव. सावकाश, जणू समोर बसलेल्यांना ते पहिल्यांदाच ऐकू जात होतं. बऱ्याच जणींना खरंच पहिल्यांदाच ऐकू गेलं असेल. गावात ती अमक्याची बायको आणि तमकीची आई. मग तिनं सही केली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली, वर चढत जाणारी सही. हात पुसायचा राहिला होता, म्हणून कागदावर तेलाचा डाग पडला आणि त्यात टमाट्याची एक बी चिकटली.

त्यानंतर चुलतीनं पाव भाजला, खाल्ला, नाव सांगितलं. मग तिच्या पलीकडचीनं. सगळ्यांनी दिली नाहीत. दोघी "घरी इचारून सांगते" म्हणून उठल्या. एक पाव खाऊन गेली आणि नावाचं विसरली, किंवा विसरल्यासारखं केलं. मी त्यांच्या ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत आणि त्यांच्या घरी जातेय.

मुकादम गेला नाही. शेवटी तव्यापाशी बसलाच. त्यानं पाव टाकला आणि बोलत राहिला, पाव एका अंगानं काळा झाला.

"करपला की!"

"उलटायचा आसतो, भावजी," आई म्हणाली. "सांगायला पायजे व्हय?" ती तेव्हा दुसरा पाव खात होती. मग मला म्हणाली, "मीठ कमी पडलंय. तुज्या त्या कागदात लिही."

दुसऱ्या दिवशी मी यादी ग्रामसेवकाकडं दिली. त्यानं पान उचलून उजेडात धरलं, डाग बघितला आणि तोंड वाकडं केलं. "हे खराब झालंय. दुसऱ्या कागदावर उतरवून आणा. सह्या परत घ्या."

मी म्हटलं, नाही. सही परत होणार नाही. हेच पान घ्या.

त्यानं बी नखानं खरवडून काढली आणि पान फाईलला लावलं. ते लावून होईपर्यंत मी उभी राहिले.