खाडीचं पाणी आणि माझी जीभ

भिवंडीत चार लूम मी स्वतःच्या हिमतीवर उभे केले, पण अंजूरला सासऱ्यांच्या मिठागरात मला शेवटपर्यंत जावईच ठेवलं. सत्तरच्या दशकातला तो अन्याय मी विसरलेलो नाही.

पावसाळ्यात नदीचं पाणी उतरून खाडी गोडसर होते. दिवाळीनंतर ती हळूहळू खारट होत जाते. पुरती खारली की भरतीच्या वेळी उघाडी, म्हणजे बांधातलं लाकडी दार, उचलून पाणी आत घ्यायचं. घाई केली तर मीठ धरायला महिना जास्त लागतो. तो दिवस सासरे सकाळपासून तोंडात काही न घालता, पाणी चाखून ठरवत. त्या वर्षी तापाने त्यांची चव गेली. ज्याची जीभ खरी, त्याच्या हुकमात उघाडी, असं त्यांनी मला आणि मेव्हण्याला सांगितलं. मला ती हवीच होती.

मी ओंजळभर पाणी चाखलं आणि खारट आहे म्हणालो. मेव्हणा आठ दिवस थांबा म्हणाला. मी त्याला आठावरून चारावर, चारावरून थेट दुपारच्या भरतीवर आणला. आवाज माझा मोठा होता. तेवढ्यात तो शांतपणे म्हणाला, "दाजी, मिशीला सुकट लागलीय."

सकाळी भाकरीबरोबर सुकट खाल्ली होती खरी. मी भडकलो. खाडीतच गाळ भरतोय, भरती पूर्वीसारखी आत येत नाही, जुने दिवस मोजून काय उपयोग, असं बरंच ऐकवलं. ते सगळं खरंही होतं, पण सासऱ्यांनी माझ्या बायकोला हाक मारली. ती सगळ्यांना वाढून अजून उपाशीच होती. तिने चाखलं, थुंकलं.

"बाबा, ही आमटी असती तर यांनी वरून मीठ मागितलं असतं."

बांधावरची माणसं पोट धरून हसली. सासरे म्हणाले, "पोरी, आजपासून उघाडी तुझी हाय."

मी नवव्या दिवसापर्यंत तिच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी तिने पाणी घेतलं आणि मीठ साखरेसारखं शुभ्र धरलं. सुकट तिनेच वाढली होती, हे मी आजही उकरून काढतो. ती म्हणते, मागितलीत म्हणून वाढली.

पुढे गाळामुळे खाडी खरंच उशिरा खारायला लागली. तिनेही दिवस पुढे ढकलले, माझं नाव न घेता. दार मात्र जड होतं. तिने मान हलवली की दोर मी ओढायचो.