शब्बीरचा अंगठा उपाशी राहून गेला नाही

“आप्पा, तुम्ही रात्री झोपत नाही. तुम्ही रात्रभर गुदमरता,” मिरजेचे डॉक्टर मला म्हणाले.

आजाराचं नाव ‘स्लीप ॲप्निया’. झोपेत घशाची वाट बंद होते, श्वास थांबतो, मग मेंदू दचकून माणसाला जागं करतो. पुन्हा डोळा लागला की पुन्हा तेच. अंगाला वायरी लावून एक रात्र हॉस्पिटलात झोपवतात, त्या ‘स्लीप स्टडी’ नावाच्या तपासणीत हे कळतं. माझ्या बाबतीत कारण होतं मानेभोवती आणि पोटावर साठलेली चरबी.

त्याआधी वर्षभर मी बोलता बोलता पेंगत होतो. घरात त्याची चेष्टा व्हायची. नातवंडं माझ्या घोरण्याची नक्कल करायची आणि मीही हसायचो. तुमच्या घरात असं कुणी असेल तर हसू नका, दवाखान्यात न्या.

डॉक्टरांनी ‘सीपॅप’ नावाचं मशीन लिहून दिलं. नाकावर मुखवटा लावून झोपायचं. हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. “पण वजन उतरवायलाच हवं,” ते म्हणाले. “आणि उतरलेलं परत चढू द्यायचं नाही. हे दोन महिन्यांचं काम नाही, जन्मभराचं आहे.”

“कसं करायचं?” मी विचारलं.

“कमी खा, चाला,” ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

मला राग आला. गोळी देताना जेवणाआधी की नंतर, हे दोनदा सांगतात. जन्मभराचं काम मात्र तीन शब्दांत सांगून मोकळे! बाहेर येऊन मी बाकावर बसलो, तर शेजारून आवाज आला, “सरका जरा, शेठ. तिघांचा बाक हाय. आपल्या दोगांतच भरला.”

तो शब्बीर नदाफ. विट्यात त्याचं गाद्या भरण्याचं दुकान. माझ्या घरातली प्रत्येक गादी त्याच्या हातची, पण बोलणं कामापुरतंच. तो शुगरसाठी आला होता. त्यालाही तेच तीन शब्द मिळाले होते.

“मला सांगितलं, कमी खा,” तो म्हणाला. “घरात गेलो की बायको म्हणती, सकाळपासनं उपाशी हाय माझा माणूस. आता कुणाचं ऐकायचं?”

आम्ही एकाच एसटीनं विट्याला परत आलो. गावात शिरेपर्यंत आमचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याची फजरची, पहाटेची नमाज झाली की आम्ही खानापूर रस्त्याला चालायला लागलो. चालणं सोपं होतं. अवघड होतं ते जेवण. बायकोनं ताट वाढलं, वर आणखी एक भाकरी टाकली, की नको म्हणायला जीभ उचलत नाही. शब्बीरनंच त्यावर तोड काढली. माझा दुपारचा डबा त्याच्या घरून यायचा, त्याचा माझ्या घरून जायचा. दुसऱ्याच्या बायकोला कोण म्हणणार, आणखी वाढा म्हणून? डब्यात असेल तेवढंच जेवण.

पहिला आठवडा फजिती झाली. माझ्या बायकोनं, शालननं, पहिल्याच दिवशी शब्बीरला पुरणपोळ्या आणि तुपाची वाटी धाडली. त्याच्या मेहरुननं मला शीरखुर्मा पाठवला, तोही सण नसताना. शालनला विचारलं तर तिनं मलाच झापलं. “दुसऱ्याच्या घरी जाणारा डबा कोरडा पाठवू? मेहरुन काय म्हणेल? शेठजींच्या घरात तुपाला महाग झालेत?” तिकडे मेहरुनचंही तेच. आठवड्यानं काट्यावर उभे राहिलो तर दोघांचंही वजन वाढलेलं!

मग दोघी एकदा समोरासमोर बसल्या. काय बोलणं झालं माहीत नाही. त्यानंतर डब्यात ज्वारीची भाकरी, उसळ, मेथी, काकडी यायला लागली. दोघींनी एकमेकींना शब्द दिला होता की पाहुणचार ईदला आणि दिवाळीला. या दोन बायकांचं नाव या हकिकतीत कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम घेतो.

वजन उतरायला लागलं. हळूहळू, पण उतरलं. पाऊस असो, घरात भांडण असो, शब्बीर कोपऱ्यावर उभा असायचा. मी उशिरा आलो की म्हणायचा, “काय गड्या, गादी लय मऊ भरली काय मी?” कधी त्याचं मन डळमळायचं. कांदाभज्याच्या गाडीसमोर त्याचा पाय थांबला की मी त्याचा दंड धरून ओढायचो आणि तो गाडीवाल्याला ओरडून सांगायचा, “बघ रं, माझा सावकार मला न्यायला लागलाय!” त्याच्या शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या. माझं दिवसा पेंगणं थांबलं. इतकी वर्षं कमी खा म्हणणारे पुष्कळ भेटले होते. आपल्यासोबत कमी खाणारा पहिल्यांदा भेटला.

आता माझा संताप सुरू होतो तिथं येतो.

आमच्या विट्यातली निम्मी घरं गलाईवाल्यांची. जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. देशभर दुकानं. मीही दक्षिणेत चाळीसेक वर्षं काढली आणि दुकान मुलाच्या, सुनीलच्या, हाती देऊन परत आलो. या धंद्यात लोक विश्वासावर सोनं हातात देतात. म्हणून गलाईवाल्याचं पोट म्हणजे त्याची पत. गावी परतलेला माणूस भरलेला दिसला तर दुकान जोरात आहे. उतरलेला दिसला तर दोनच कारणं असू शकतात, धंदा बुडाला किंवा मोठं दुखणं लागलं. माणूस स्वतःहून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून बारीक झाला असेल, हे तिसरं कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही.

माझी पँट सैल झाली आणि गावाची जीभही. “आप्पा, रिपोर्ट काय आला?” “लपवू नका, मुंबईला दाखवा.” एका नातेवाइकानं तर शालनला बाजूला घेऊन विचारलं, “डॉक्टरनं किती दिवस सांगितलंय?” ती बिचारी भाजीची पिशवी घेऊन उभी. याच माणसांनी माझं पोट सुटलं तेव्हा कधी विचारलं नव्हतं की आप्पा, श्वास लागतो का.

त्याच सुमारास नातीची सोयरीक जुळत होती. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं की मुलीचा आजोबा खंगलाय, दुकानातही काहीतरी गडबड आहे. सुनीलचा फोन आला. “आप्पा, इथं गिऱ्हाईक मला विचारायला लागलंय. तुमचं चालणं-बिलणं लग्न होईस्तोवर बंद ठेवा. जरा खा. चार माणसांत भरलेले दिसा.”

मी बंद ठेवलं. शब्बीरला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? नातीच्या लग्नासाठी मला परत लठ्ठ व्हायचंय? शालनला सांगून डबा बंद केला. सकाळी अंथरुणात पडून राहिलो. शब्बीर चार-सहा दिवस कोपऱ्यावर येऊन उभा राहायचा, हे मला नंतर मेहरुनकडून कळलं. एकदा तो दारापर्यंत आला. शालननं सांगितलं, बरं नाही त्यांना. मी आत जागा होतो.

लग्न थाटात झालं. मी चार माणसांत भरलेला दिसलो.

शब्बीर थोडे दिवस एकटा चालला, मग त्याचंही चालणं सुटलं. दुकानात दिवसभर बैठक, गिऱ्हाइकाबरोबर चहा, सोबत खारी. शुगर वर गेली. त्यात गादी शिवायची दाभण त्याच्या पायाच्या अंगठ्यात घुसली आणि त्याला कळलंसुद्धा नाही. कारण ‘डायबेटिक न्यूरोपथी’. म्हणजे शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात, टोचलेलं जाणवत नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा जखम चिघळलेली होती. पुढे काळं पडलं आणि मिरजेला अंगठा काढावा लागला.

शुगर असलेल्यांनो, रोज अंघोळीनंतर पायाचे तळवे बघा. दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा.

मी हॉस्पिटलात गेलो. पलंगाशी मेहरुन आणि आष्ट्याचा तिचा भाऊ होता. तो मला बघताच उठला.

“आवं शेठ, तुमचं ठीक हाय. तुमी खाणं सोडलं तर तुमचा शौक. ह्या माणसाला कशापायी उपाशी मारलं? अंगात ताकदच न्हाई राहिली, जखम भरंल कशी?”

मेहरुन माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. डबा कुणी थांबवला, सकाळी कोण आलं नाही. मी बोलावं एवढंच तिला हवं होतं. शब्बीरनं भिंतीकडे तोंड केलं. मी “येतो” म्हणालो आणि निघालो.

सर्जन मला व्हरांड्यात भेटले. मी विचारलं, कमी खाण्यानं झालं का? ते चिडलेच. “कोण म्हणतं? नसा आधीपासून बिघडलेल्या होत्या. पण वजन आणि शुगर ताब्यात होती तेव्हाच ही जखम झाली असती, तर भरायची शक्यता पुष्कळ जास्त होती. त्यांनी ते सोडलं का, हे विचारा.”

ते का सोडलं, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. तरीही गावात मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर नातीच्या सासरी सगळंच कळलं असतं. आणि गावानं आपली गोष्ट पक्की केली, की वजन उतरवायच्या खुळापायी नदाफाचा अंगठा गेला. चहाच्या टपरीवर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. “वाढा, वाढा, नदाफासारखं करायचंय काय?” म्हणत लोक जिलेबी वाढतात आणि हसतात.

मी तेही ऐकून घेतलं असतं. पण आमच्या गल्लीत शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. त्या चालायला लागल्या, तर सासूनं आणि नवऱ्यानं त्यांना नदाफाचा अंगठा सांगून घरात बसवलं. त्यांनीच मला वाटेत विचारलं, “आप्पा, तुम्ही दोघं करत होता ना? खरंच उपाशी राहून झालं का हो ते?”

माझ्या गप्प बसण्यानं आणखी एक माणूस जायबंदी होणार होता. आता बास, असं वाटलं.

मी शब्बीरच्या दुकानात गेलो. तीन-चार गिऱ्हाइकं कापसाची वाट बघत बसली होती. शब्बीर बसूनच शिवत होता. आष्ट्याचा मेव्हणाही होता, कारण दुकानाचं वरचं काम आता तोच बघत होता. मी उभ्यानंच सांगितलं. चालणं मी बंद केलं, डबा मी थांबवला. नातीच्या सोयरिकीत मी खंगलेला दिसू नये म्हणून. शब्बीर उपाशी नव्हता. तो मजेत होता, त्याची शुगर उतरली होती, गोळ्या कमी झाल्या होत्या. मी पाठ फिरवल्यावर त्याचं बिघडलं.

मेव्हण्यानं हातातला कापूस खाली ठेवला. मग म्हणाला, “हे तवाच सांगायचं व्हतं, शेठ. माझी बहीण महिनाभर मला सांगत व्हती, मी तिलाच गप बसवलं.”

मी शब्बीरची माफी मागितली. तो गादीला टाका घालत होता. त्यानं टाका पुरा केला, दोरा तोडला.

“नातीचं लग्न व्हतं, तू खाल्लंस, त्याचं मला काय न्हाई रं,” तो म्हणाला. “माझ्या पोरीचं असतं तर मी बी खाल्लं असतं. पण मी कोपऱ्यावर उभा राहायचो. वाटायचं, माझंच काय चुकलं. माझ्या घरचा डबा बाटका वाटला का काय तुला.”

हे ऐकल्यावर मला तिथं उभं राहवेना. चरबी, शुगर, श्वास, या सगळ्याचा विचार मी केला होता. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तो असा लावेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी नातीच्या सासरीही जाऊन सांगितलं. तिचे सासरे ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, “आप्पा, आम्हाला विचारलं असतं तर आम्हीही तुमच्याबरोबर चाललो असतो. माझंच पोट बघा.” सुनील मात्र अजून नीट बोलत नाही. गलाईत पत मोठी, हे त्याला मीच शिकवलं आहे.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी शब्बीरला ‘एमसीआर’ चप्पल दिली. मऊ, खास रबराची, बधिर पायाला टोचू नये अशी. अंगठा नसला की तोल सावरायला शिकावं लागतं. आता आम्ही पूर्वीच्या निम्म्यानंही चालत नाही. मी त्याच्या चालीनं चालतो. शाळेतल्या बाई पुढे जातात, वळतात आणि आम्हाला हाका मारतात. त्यांच्या सासूबाई अजून दारात उभ्या राहून आमच्याकडे डोळे वटारतात. वटारू देत.

तुम्हाला डॉक्टरांनी “कमी खा, चाला” सांगितलं असेल तर एक माणूस शोधा. नवरा-बायकोच हवं असं नाही. उलट ज्याच्यासमोर तुम्हाला लाड करून घेता येणार नाहीत असं कुणी बघा. आणि तुमच्या ओळखीचं कुणी बारीक होताना दिसलं, तर त्याच्या मरणाची तारीख विचारू नका. विचारायचंच असेल तर विचारा, उद्या किती वाजता निघता.

शब्बीरनं मला दुकानात एकच अट घातली, आणि ती मी रोज पाळतो. “थांबायचं असंल तर थांब,” तो म्हणाला. “पण कोपऱ्यावर येऊन सांगून थांब.”