शकुनच्या चुकांची वही

विनायक भिंगारदिवे मूळचा नगरचा, पिढीजात ख्रिस्ती, सरकारी बँकेतला अधिकारी. बदली होऊन कोलकात्याला आला, बालीगंजला फ्लॅट घेतला आणि वर्षभरातच बायकोला, शकुनला, विसरण्याचा आजार जडला. वय अवघं एक्कावन्न. गॅस चालू ठेवायची, आपली अंघोळ झाली की नाही हे त्यालाच विचारायची. तीन वर्षं त्याने मुकाट्याने निभावलं. चौथ्या वर्षी गडी पार मेटाकुटीला आला आणि घटस्फोटाचं मनात घेतलं.

आधी चर्चच्या पाळकांकडे गेला. बंगाली माणूस, हिंदीतून समजावत म्हणाले, "प्रभूने सूट दिली ती व्यभिचारापुरती. आजारपणातही साथ देईन, असं वेदीपुढे बोललास ना? फार थकला असशील तर मदतीला बाई ठेव, थोडे दिवस वेगळा राहा, त्याला मी पाप म्हणणार नाही. पण सोडू नकोस."

ऐकलं? कसलं ऐकतोय! सरळ वकील गाठला. वकील म्हणाला, नुसत्या आजारावर जमत नाही. दोन वर्षं डोकं ठिकाणावर नाही आणि बरं होणार नाही, हे सिद्ध करावं लागेल. चुका तारीखवार लिहून ठेवा. बँकेतला माणूस, लिहिण्यात कशाला कमी पडतोय? वर शकुनला संशय नको म्हणून वहीवर ठळक लिहिलं, 'डॉक्टरांसाठी'.

ती बिचारी मदतीलाच धावली. हा कामावरून आला की दारातच सांगायची, "अहो, आज दूध उतू गेलं. लिहून घ्या, नाहीतर विसरेन मी."

मग लग्नाच्या वाढदिवसाचा रविवार आला. चर्चमध्ये अशा जोडप्यांना पुढे बोलावून प्रार्थना करतात. पाळकांनी विचारलं, "किती वर्षं झाली, दीदी?" शकुन गोंधळली, नवऱ्याकडे वळून म्हणाली, "किती हो?" लोक मायेने हसले. आणि पाळकांचा हात डोक्यावर असताना या गृहस्थाच्या मनात काय यावं? बरं झालं, साक्षीदार मिळाले! त्याची त्यालाच किळस आली. बाहेर बायका म्हणाल्या, असा नवरा नशिबाने मिळतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

घरी येताच त्याने तिला समोर बसवून सगळं सांगून टाकलं. वही डॉक्टरांसाठी नाही, तुला सोडण्यासाठी आहे. शकुन खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "माझ्यापायी तुमचे हाल होतात, कळतं मला. केलं माफ. पण आता नका हं लिहू." त्याने तिच्यासमोरच वकिलाला फोन करून नाही म्हणून सांगितलं, वही कपाटात टाकली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

सोमवारी सकाळी तो बूट घालत होता, तर शकुन वही-पेन घेऊन पुढ्यात उभी. "अहो, ही कपाटात कशी गेली? मी परत गॅस चालू ठेवला होता. डॉक्टरांना कळायला हवं ना?"

कालची माफी तिच्यापाशी उरलीच नव्हती. पुन्हा सांगायचं, तर पुन्हा तेवढंच रडवायचं. विनायकच्याने ते झालं नाही. त्याने वही घेतली आणि तिच्यादेखत तारीख घातली.

"सावकाश लिहा," शकुन म्हणाली, "काही सुटायला नको."