भट्टीतले वाल

माझ्या धाकट्या दिराची चांगली जिरावी, एवढी एकच इच्छा मी एक अख्खा पावसाळा मनात धरून होते. उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणू? बायका देवासमोर हात जोडून मुलाबाळांसाठी मागतात, मी दिराचं तोंड काळं व्हावं म्हणून मागत होते. आणि देवाने ऐकलंही.

मी रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. येणारा माल तपासायचा, जाणारा माल तपासायचा, खाली सही करायची. नवरा तिथेच दुसऱ्या कंपनीत. त्याची दुसरी शिफ्ट असली की माझी पहिली, त्यामुळे वरशाच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही एकमेकांना जास्त करून दाराच्या कडीपाशीच भेटतो. नोकरीबद्दल तक्रार नाही. पण इतकी वर्षं झाली तरी गेटवरच्या माणसासाठी मी नुसती 'लॅबवाल्या मॅडम'. ज्यावर माझं नाव छापलेलं असेल असं काहीतरी एक मला हवं होतं, बस्स.

म्हणून मी ऑनलाइन धंदे करून बघायला लागले. करून बघायला हं, करायला नाही. दुकान घ्यायचं नाही, नोकरी सोडायची नाही. फोटो टाकायचा, आठवडाभर थांबायचं, दहा जणांनी मागितलं तर थोडा माल पाठवून बघायचा. लॅबमध्ये आम्ही तेच करतो, ट्रकभर माल आला तरी मूठभरच तपासतो.

पहिला प्रयोग गणपतीचा. पेण माझं माहेर, तिथे मूर्तींना काय तोटा! शाडूच्या वीतभर बिनरंगी मूर्ती, सोबत रंगाच्या पुड्या आणि एक ब्रश, मुलांनी घरी रंगवायच्या. बारा पाठवल्या. नऊ घरांतून फोटो आले, कुणाची सोंड वेगळी तर कुणाचा हात वेगळा. एका बाईंनी लिहिलं, विसर्जन आमच्याकडे करायचं होतं हो, तुम्ही वाटेतच उरकलंत. दुसरा प्रयोग पोह्याच्या पापडांचा. तेही पेणचेच, माझ्या आईच्या ओळखीच्या बायकांनी लाटलेले. खोक्यातून चुरा पोचला.

हे सगळं घरात कळायचंच. सासरचं गाव रोह्यापासून अर्ध्या तासावर, दर रविवारी जाणं असतं. तिथे सासूबाई आणि धाकटा दीर राहतात. दिराचा छोटा टेम्पो आहे, मिळेल ती भाडी मारतो. पापडांचं ऐकून तो पंगतीत म्हणाला, "वहिनी, आता थेट चुराच विका. फुटायची भीतीच नाय!" सगळे खो खो हसले. माझा नवरासुद्धा. कोण किती हसलं ते मी अजून विसरलेले नाही.

तिसरा प्रयोग मात्र लागला. सासूबाई भात कापून झालं की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर कडवे वाल लावतात. बी कधी विकत आणायचं नाही. दरवर्षी खळ्यावर बसून टपोरे दाणे एकेक निवडायचे, राख चोळून मडक्यात ठेवायचे, पुढच्या वर्षी तेच पेरायचे. गावात कुणाचं बी कमी पडलं तर आमच्याच दारात येणार. खायचे वालही राखेतलेच. मी ते तसेच पाकिटात भरले, वर माझं नाव छापलं आणि एक चिठ्ठी घातली. राख धुऊन घ्या, रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, कोमट पाण्यात टाकून सोला, मग बिरडं करा. ठाण्याच्या एका बाईंचा दुसऱ्याच आठवड्यात मेसेज आला, साल कसं सरसर निघतं, अजून दोन किलो पाठवा. मी तो मेसेज जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये चार वेळा वाचला. पुढच्या श्रावणापर्यंत साठ घरं झाली माझी. साठ!

पहिली शिफ्ट असली की कुरिअरवाल्याकडे जायला मला जमायचं नाही, म्हणून खोकी दिराच्या टेम्पोतून रोह्याला जायची. तेवढी एक चूक केली मी. खोक्यावर नाव, पत्ता, फोन सगळं असतं. ह्या पठ्ठ्याने प्रत्येक खोक्याचा फोटो काढून ठेवला.

पुढच्या फाल्गुनात वाल निघाले तेव्हा मी नेहमीसारखी पिशव्या घेऊन गेले, तर खळं रिकामं. सगळा माल दिराने टेम्पोत भरून नेला होता. बियाण्यालासुद्धा मागे ठेवला नव्हता, "नंतर निवड गो आये, पळून जातंय काय," म्हणाला म्हणे. मी सासूबाईंना विचारलं, "आई, आणि माझ्या गिऱ्हाइकांचं काय?" त्यांनी सूप आपटून बाजूला ठेवलं.

"तुला कंपनी हाय गो. त्याला काय हाय? टेम्पो धा दिवस चालतो, वीस दिवस उभा. त्याला करू दे."

म्हणजे मी आठ तास उभं राहून नोकरी करते हा माझाच गुन्हा! नवरा म्हणाला, जाऊ दे ना, घरातल्या घरात तर आहे. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर घरातलाच म्हणून त्याला दूध पाजा.

श्रावण लागायच्या आधी ठाण्याच्या त्याच बाईंनी मला एक जाहिरात पाठवली, तुमच्याच घरचे ना हे? फोटो माझा. मोड आणायची कृती माझी, शब्दन् शब्द. फक्त माझं नाव गेलेलं आणि खाली लिहिलेलं, राख नाही, कीड नाही, स्वच्छ चकचकीत वाल. माझ्या साठही घरांना गेलं होतं ते. मी त्या दिवशी लॅबमध्ये एक काचेचं भांडं फोडलं, हातातून निसटलं असं सांगितलं. निसटलं नव्हतं.

आणि मग तो स्वतःच आला वरशाला, एक पाकीट घेऊन. मिरवायला. "बघा वहिनी, एक भुंगा दाखवा ह्यात. तुमच्यासारखी राखुंडी नाय पाठवत आपण." मी विचारलं, कसं काय हो भाऊजी, कीड लागत नाही? तर छाती फुगवून सांगतो, पेणला पोह्यांच्या गिरणीत तो भात पोचवतो, तिथल्या भट्टीवाल्याशी त्याची दोस्ती. पोहे करण्याआधी भात भाजतात ना, त्याच भट्टीतून सगळे वाल हलके गरम करून घेतले. भुंगा मेला, अंडी मेली, वाल चकचकीत.

मी लॅबवाली बाई. भुंगा मेला तिथे आणखी काय मेलं असेल ते मला त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं. तरी खात्री केली. त्याच्या पाकिटातले पन्नास दाणे मोजून कंपनीत नेले, ओल्या कागदावर बशीत मांडून ठेवले. चौथ्या दिवशी बुळबुळीत झाले, वास मारायला लागले. पन्नासांतून एकालाही मोड नाही. मी लॅबमध्ये एकटीच होते, टाळी वाजवली. खोटं कशाला सांगू, वाजवलीच.

कारण मोड नाही तर साल सुटत नाही, आणि साल सुटलं नाही तर कडवे वाल तोंडात धरवत नाहीत. श्रावणी सोमवारी साठ घरांत फडकी उघडली जाणार होती आणि आतून तो बुळबुळीत लगदा निघणार होता. त्याची पाकिटं अजून जायची होती. एक फोन केला असता तर थांबला असता. मी फोन केला नाही. माझ्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, पण तेवढी गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नाही.

झालं तसंच. शिव्यांचा पाऊस पडला त्याच्यावर. काही जणींनी मलाही लिहिलं, मी गोड उत्तर दिलं, ते वाल माझे नव्हेत हो, माझे पुढच्या वर्षी. मागवलेले लोक नको म्हणाले, पोती टेम्पोतून परत गावाला आली. आपले वाल का उगवत नाहीत हे त्याला कळेना. पावसाळी हवा, म्हणाला. शहरातलं पाणी, म्हणाला. मी मान डोलावली.

गौरींना आम्ही गावी गेलो. सासूबाई पडवीत सूप घेऊन वाल निवडत बसलेल्या. मीही शेजारी बसले, मूठभर पुढ्यात ओढले आणि निवडायला लागले. टपोरे एकीकडे, बारके दुसरीकडे. मधूनच मोबाइल वाजायचा, कुणीतरी नवी तक्रार पाठवलेली असायची, ती वाचून मी गालात हसायची आणि पुन्हा निवडायची. कशाला निवडताय, हे काही मी विचारलं नाही. सणाचं बिरडं असेल, एवढंच डोक्यात. खरं म्हणजे डोक्यात तेव्हा दिराशिवाय दुसरं काही नव्हतंच.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्याला नाय जमत गो. औंदाचं पीक तू घे. सगळं तूच बघ."

अहाहा! कानात साखर पडली माझ्या. ह्याच घटकेसाठी मी पावसाळा काढला होता. भट्टीचं तेव्हाच सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर ती एक चूक ठरली असती, झाली चुकून, पोरगं आहे. मला ते नको होतं. पोरगं नालायक आहे, असंच त्यांना वाटायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं आई." आणि निवडत राहिले.

भात निघालं, वाल लावून झाले. माझ्या शिफ्ट चालू होत्या. मी नवी पाकिटं छापून घेतली, साठ घरांना कळवलं, यंदा फाल्गुनात. मग एका रविवारी गेले तर सासूबाई शेताच्या बांधावर उभ्या. शेजारच्या शेतात वाल चार बोटं वर आलेले, आमचं शेत कोरं. त्यांनी खाली बसून माती उकरली, एक दाणा काढला, दोन बोटांत दाबला. तो काळा पडून पिचला. आता कळलं आम्ही दोघींनी पडवीत काय निवडलं होतं ते.

"बी मेलं," त्या म्हणाल्या. "आजवर कधी मेलं नाय."

दीर मागे उभा होता. त्याने भट्टीचं सांगितलं, अडखळत, सगळं. सांगता सांगता रडायला लागला तो घोडा. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, घ्या, झाला माफ. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुला ठावं व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जीभ उचलेना. मी म्हटलं, "व्हय."

"कवापासून?"

"श्रावणाच्या आधीपासून."

त्यांनी पिचलेला दाणा मातीत टाकला. मग म्हणाल्या, "त्याला अक्कल नाय, म्हणून त्याने मारलं. तुला अक्कल हाय. तू माझ्या शेजारी बसून निवडलंस." पदराने हात पुसले आणि घरातून बियाण्याची रिकामी वाटी आणून माझ्या हातात दिली. "ओल हाय तवर लावू. जा, बी मागून आण."

मी म्हटलं, भाऊजींना पाठवा ना, त्यांनी केलंय. त्या नुसतं "जा" म्हणाल्या.

मी वाटी घेऊन गेले. पहिलंच घर एका म्हातारीचं, तिने आयुष्यभर आमच्याकडून बी नेलं होतं. वाटी बघून तिला काही समजेना. "अगो, तुमच्या घरात बी नाय? सासूचं बी कुठं गेलं?"

दिराचं नाव जिभेवर आलं होतं. त्याचंच नाव सांगायचं म्हणून वाटभर ठरवून आले होते मी. म्हातारी दारात उभी राहून वाट बघत होती.

"माझ्यासमोर मेलं, आजी," मी म्हटलं. "मी बोलले नाय."